मोंढ्यातली पत मोबाइलवर कशी उभी करायची

मराठवाड्यातल्या छोट्या व्यावसायिकांबरोबर सोशल मीडियाबद्दल बोलायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फॉलोअर कसे वाढवायचे? वसमतचा हळद उत्पादक असो, पैठणचा विणकर असो, नाहीतर घरून पापड-कुरडया विकणारी लातूरची ताई असो. मी त्यांना उलट विचारतो, आज जे दोनशे लोक तुमचं बघतात, त्यांतले किती जण माल हातात न घेता तुम्हाला पैसे पाठवतील? हा आकडा वाढवायचं काम आधी करायचं. बाकीचं त्याच्या मागून येतं.

आपल्याकडे मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आडत्याची पत कशावर ठरते हे कुणाला शिकवायला नको. काटा सरळ, हिशेबाची पट्टी स्वच्छ, पैसे वेळेवर. आणि माल भिजलेला असेल तर ‘भिजलाय, इतकाच भाव निघेल’ हे तो सौद्याच्या आधी तोंडावर सांगतो. मोबाइलवर विकताना हेच करायचं असतं. फरक एवढाच, की समोरच्याला ना माल चाचपता येतो ना तुमचा चेहरा वाचता येतो. म्हणून मालातली खोट, उशीर, तुटवडा हे सगळं ग्राहकाच्या लक्षात येण्याआधी तुम्हीच सांगायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सवयीवर उभ्या आहेत.

पायरी १: कोणाशी बोलताय ते ठरवा

तुमचे ग्राहक तीन प्रकारचे असतात. तालुक्यातले, जे दुकानावर येऊ शकतात. पुण्या-मुंबईत गेलेले आपले लोक. आणि पूर्ण अनोळखी. सुरुवात दुसऱ्या गटापासून करा, असं माझं स्पष्ट मत आहे. हडपसर, वाघोली, पिंपरी-चिंचवड या भागांत बीड, लातूर, परभणी, धाराशिवची माणसं मोठ्या संख्येनं राहतात. त्यांना गावाकडची ज्वारी, हळद, तूरडाळ हवी असते, आणि ‘कोणत्या गावचे? अमक्यांचे कोण?’ असं विचारून ते तुमची खात्री करून घेऊ शकतात. ओळखीतली ओळख निघाली की अर्धं काम होतं. असे पन्नास जण समाधानी झाले, तर अनोळखी माणसाला दाखवायला तुमच्याकडे खरे ग्राहक असतात.

भाषाही इथेच ठरते. घरात बोलता तसंच लिहा. ‘आमच्या सन्माननीय ग्राहकांच्या सेवेत सादर’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला ते छापील पत्रक वाटतं. संभाजीनगरात हिमरूचा, म्हणजे तिथल्या नक्षीदार विणलेल्या कापडाचा, व्यवसाय असेल तर निम्मे ग्राहक दखनीत नाहीतर हिंदीत विचारतील. ज्यानं ज्या भाषेत विचारलं, त्याला त्याच भाषेत उत्तर द्या.

पायरी २: पान उघडताच पत्ता लागला पाहिजे

नवीन माणूस तुमच्या पानावर आला की काही सेकंदांत एवढंच तपासतो: हा खरा आहे का, कुठला आहे, पैसे बुडाले तर सापडेल का. त्याला ही उत्तरं शोधायला लावू नका. परिचयात गाव, तालुका, जिल्हा लिहा. चिन्हाच्या जागी, निदान सुरुवातीला, स्वतःचा फोटो लावा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बिझनेस तिन्हीकडे नाव आणि नंबर एकच ठेवा. गुगल मॅपवर जागा नोंदवून घ्या, शेतातली शेड असली तरी. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी नोंदणी क्रमांक पाकिटावर तर हवाच, पानावरही ठळक दिसू द्या.

आता भावाचं. ‘भावासाठी इनबॉक्स करा’ हे वाक्य आजच काढून टाका. ते वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो, की माणूस बघून भाव सांगणार. पोस्टमध्येच लिहा: हळद पावडर किलोचा भाव इतका, पुण्यापर्यंतचा पाठवणी खर्च इतका, पाच किलोच्या वर इतकी सूट. भाव रोज बदलत असेल तर तारीख घाला. शेजारचा स्पर्धक भाव बघेल, ही भीती मला नेहमी ऐकू येते. तो एरवीही कुणाकडून तरी फोन करवून बघणारच आहे. लपवून तोटा फक्त ग्राहकाचा आणि पर्यायानं तुमचा होतो.

पायरी ३: काम दाखवा, आणि ते कामाच्या वेळी दाखवा

‘रोज पोस्ट काय टाकायची?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हंगामात असतं. हळदीचंच बघा. मे-जूनमध्ये बेणं लावणं, पावसाळ्यात भरणी म्हणजे माती चढवणं, जानेवारीपासून काढणी, मग शिजवणं, खळ्यावर वाळवणं, ड्रममध्ये पॉलिश, शेवटी दळण. ग्राहकाला यातलं फक्त दळण माहीत असतं. शिजवण्याच्या कुकरमधून निघणारी वाफ, वाळत घातलेल्या हळदीवर फिरणारे हात, पहाटे मोंढ्याकडे निघालेली गाडी हे सगळं साध्या मोबाइलवर जसं आहे तसं घ्या. मागे गाणं लावू नका, कामाचा आवाज राहू द्या. नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की ‘कट्’ असा खणखणीत आवाज येतो आणि आत गर्द नारिंगी रंग दिसतो. अर्धवट वाळलेलं लवतं, पण मोडत नाही. दोन्ही हळकुंडं कॅमेऱ्यासमोर मोडून दाखवा. तीस सेकंदांचा तो व्हिडिओ पाहिलेला माणूस पुढच्या वेळी किराणा दुकानातही हळकुंड मोडून बघेल, आणि हे कुणी शिकवलं ते त्याच्या लक्षात राहील.

पैठणीचं असंच. हातमागावर विणलेल्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनंही जवळजवळ सुलट्यासारखाच दिसतो, कारण नक्षीचा प्रत्येक रंग तेवढ्या जागेपुरता हातानं गुंफलेला असतो. यंत्रमागावरच्या साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. पदर उलटा करून कॅमेरा जवळ न्या आणि सावकाश फिरवा. तुम्ही यंत्रमागाची साडीही विकत असाल तर तिचाही पदर उलटा करा आणि ‘ही यंत्रमागाची, म्हणून हा भाव’ असं सरळ सांगा. स्वस्त साडी विकण्यात काहीच कमीपणा नाही. ती हातमागाची म्हणून विकली, तर एक ग्राहक जातो आणि त्याच्याबरोबर त्याचं सगळं नातं-गोतं जातं.

इथे दोन गोष्टींची ताकीद. वसमतच्या हळदीला, जालन्याच्या मोसंबीला, बीडच्या सीताफळाला, मराठवाड्याच्या केशर आंब्याला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालापुरतंच राखलेलं आहे. तुमचा माल त्या भागातला नसेल तर ते नाव वापरू नका. माल तिथलाच असला, तरी मानांकनाचा शिक्का वापरण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. दुसरी गोष्ट आजारांची. ‘आमच्या हळदीनं कर्करोग बरा होतो’, ‘मधुमेहावर रामबाण’ असल्या पोस्ट सर्रास फिरतात. अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानं मनाई आहे, आणि अन्नपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर अन्न सुरक्षा कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी आजारी माणसाच्या घरात खोटी आशा पाठवणं हे पाप आहे. त्याऐवजी प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या आणि अहवालाचा फोटो लॉट क्रमांकासह टाका.

पायरी ४: वाईट बातमी आधी तुम्ही द्या

ही पायरी सगळ्यांत अवघड आहे. सगळ्यांत जास्त फळ हीच देते.

केशर आंब्याचं उदाहरण घेऊ. अक्षय तृतीयेला प्रत्येक घरात आमरस हवा असतो आणि ती बहुतेक एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते. आपल्याकडचा केशर तेव्हा झाडावर तयार होत असतो. तो खऱ्या अर्थानं मेच्या उत्तरार्धात हाती येतो. आता दोन रस्ते आहेत. कच्चा उतरवून कसाबसा पिकवायचा, नाहीतर सांगून टाकायचं. सांगायचं असेल तर असं लिहा:

‘अक्षय तृतीयेला आमचा आंबा मिळणार नाही. अजून पाडाला आलेला नाही. आत्ता उतरवला तर रंग येईल, गोडी येणार नाही. साधारण पुढच्या तीन आठवड्यांत पहिली तोड होईल. नाव नोंदवून ठेवा, पैसे आत्ता पाठवू नका. फळ हातात आल्यावर फोटो पाठवतो, मग ठरवा.’

‘पैसे आत्ता पाठवू नका’ या चार शब्दांची किंमत कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही. ज्यांना सणाला आंबा हवाच होता ते दुसरीकडून घेतील, घेऊ द्या. बाकीचे तुमची वाट बघतील.

पिकवण्याबद्दलही मोकळेपणानं बोला. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे. इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, परवानगी आहे. तुम्ही इथिलीनच्या खोलीत पिकवत असाल तर ‘नैसर्गिक’ लिहू नका, कसं पिकवता ते सांगा. अढीत पिकवत असाल तर पेंढ्याचे थर दाखवा आणि काही फळं मागेपुढे पिकतील हेही सांगा. पेटीबरोबर एक चिठ्ठी टाका: फळं पूर्ण पिवळी होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका, रोज उलटसुलट करून बघा, मऊ झालेलं आधी खा. तक्रारींतला मोठा वाटा या चिठ्ठीनंच कमी होतो. मृगाचा पाऊस पडला की फळमाशीचा धोका वाढतो. त्यानंतरच्या पेट्यांबद्दल आधीच लिहा, ‘आता एखादं फळ किडकं निघू शकतं, निघालं तर फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत.’

हळदीतही हेच. वाळवण चालू असताना अवकाळी पाऊस आला आणि रंग उतरला, तर तो लॉट चांगल्यात मिसळू नका. वेगळा ठेवा, वेगळा फोटो, वेगळा भाव, आणि कारण. माझ्या बघण्यात असा उतरत्या रंगाचा माल बऱ्याचदा आधी संपतो, कारण मसाला करणाऱ्या घरगुती बायकांना रंगापेक्षा रास्त भाव आणि खरी माहिती हवी असते.

पायरी ५: उत्तर द्यायची रीत

कमेंटमध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कमेंटमध्येच द्या. एकानं विचारलेलं असतं, वाचणारे शंभर असतात. दिवसातल्या दोन वेळा ठरवून घ्या, सकाळी नऊ आणि रात्री आठ असं काहीतरी. त्या वेळा पानावरही लिहा. शेतात रेंज नसते, रात्रपाळीच्या विजेला पाणी द्यायला जावं लागतं, हे ग्राहकाला सांगितलं तर समजतं. न सांगता दोन दिवस गप्प राहिलं तर तो ‘फसवलं’ असंच समजतो.

तक्रार उघड कमेंटमध्ये आली तर काय करायचं? पहिला मोह होतो ती कमेंट उडवायचा. उडवू नका. ज्यानं लिहिली त्याच्याकडे तिचा स्क्रीनशॉट असतो, आणि तो गावच्या ग्रुपवर फिरायला वेळ लागत नाही. क्रम असा ठेवा. आधी माल पोचला तेव्हा काय झालं ते ऐकून घ्या आणि त्रास झाला हे मान्य करा. मग तपासायला किती वेळ लागेल ते सांगा. पत्ता, नंबर, पैशाचे तपशील खासगीत मागा. तोडगा निघाला की त्याच कमेंटखाली येऊन लिहा.

समजा कुणी लिहिलं, ‘पाच किलोची पेटी मागवली, वजन केलं तर साडेचार भरली. चोर आहात.’ उत्तर असं जाऊ द्या:

‘दादा, वजन कमी भरलं ही गोष्ट गंभीर आहे. पाठवताना आम्ही काट्यावरचा फोटो काढतो, तो आज संध्याकाळपर्यंत शोधून इथेच टाकतो. चूक आमची निघाली तर अर्ध्या किलोचे पैसे आजच परत. पेटीचा फोटो आणि नंबर मला व्हॉट्सॲपवर पाठवा.’

‘चोर’ या शब्दाला उत्तर नाही दिलं, वजनाला दिलं. बघणाऱ्याला तेवढं पुरतं. अर्थात यासाठी काट्यावरचा फोटो खरोखर काढलेला हवा. प्रत्येक पेटी बंद करण्याआधी काटा, पेटी आणि नावाची चिठ्ठी एका फोटोत घ्या. पुण्याला ट्रॅव्हल्सनं किंवा एसटी पार्सलनं माल पाठवताना पावतीचा फोटो, गाडीचा नंबर आणि उतरवून घ्यायची जागा लगेच कळवा. पेटी वाटेत हरवली तर भांडण पार्सलवाल्याशी तुम्ही करायचं, ग्राहकाला त्यात ओढायचं नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अशी मुदत आहे. तुम्ही स्वतःसाठी एक दिवस आणि एक आठवडा धरा.

पायरी ६: ग्राहकाचं बोलणं

समाधानी ग्राहकाचा दोन ओळींचा निरोप हा तुमच्या दहा पोस्टपेक्षा भारी असतो. पण तो त्याचा आहे. नाव, फोटो, गप्पांचा स्क्रीनशॉट टाकण्याआधी विचारा, आणि नंबर झाका. मेहुण्याच्या, भाच्याच्या खात्यावरून पाच-पाच तारे देऊन घेणं बंद करा. विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहिणं त्याच ई-कॉमर्स नियमांत निषिद्ध आहे. शिवाय आपल्या जिल्ह्यात कोण कुणाचा मेहुणा हे सगळ्यांना ठाऊक असतं.

गावाकडच्या रील बनवणाऱ्या मुलांना पैसे किंवा माल देऊन प्रसिद्धी करून घ्यायची असेल तर व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायला लावा. जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे एएससीआयनं, २०२१ पासून हे बंधनकारक धरलं आहे. त्या मुलांना आधी माल वापरू द्या, आवडला तरच बोलू द्या.

पायरी ७: व्हॉट्सॲपवर घरात पाय टाकताना

व्हॉट्सॲप म्हणजे माणसाच्या घराचा उंबरठा. न विचारता ग्रुपमध्ये घालू नका. ग्रुपमध्ये एकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि बायकांना त्याचा फार त्रास होतो. ब्रॉडकास्ट यादी वापरा, तिच्यातून एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच विचारा, ‘नवीन माल आला की कळवू का? नंबर सेव्ह करून ठेवा.’ हो म्हणाले तरच यादीत घ्या, नको म्हणाले तर त्याच दिवशी काढा. आठवड्यातून एकदा निरोप पुरे. रोजचे सुप्रभात आणि सणांचे फुलांचे फोटो पाठवू नका, त्यात तुमचा खरा निरोप हरवतो.

खातं चोरीला गेलं तर वर्षांची पत एका दिवसात जाते. चोर तुमच्याच नावानं ग्राहकांकडे पैसे मागतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे ओटीपीबरोबर आणखी एक पिन विचारणारी सोय, आजच चालू करा, ओटीपी घरातल्या पोरालाही सांगू नका. पैसे कोणत्या नावाच्या खात्यावर जातात ते पानावर लिहून ठेवा आणि ‘दुसऱ्या नंबरवरून मागणी आली तर आधी मला फोन करा’ असं महिन्यातून एकदा सांगत जा. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच तक्रार, आणि त्याच तासात सगळ्या ग्राहकांना निरोप.

पायरी ८: दुःखाच्या दिवसांत

२०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे अतिवृष्टीनं शेतंच्या शेतं वाहून गेली. अशा वेळी आधीच ठरवून ठेवलेली दसऱ्याची सवलत आपोआप पोस्ट होत राहिली, तर बघणाऱ्याचं मन उडतं. तसे दिवस आले की विक्रीच्या पोस्ट थांबवा. कोणता पूल बंद आहे, पंचनाम्याला कोणती कागदपत्रं लागतात, जनावरांना चारा कुठे मिळतोय, हे तपासून टाका. स्वतःचं नुकसान झालं असेल तर सांगा, त्यात लाज नाही. दुसऱ्याच्या बुडालेल्या शेताचा फोटो आपला म्हणून लावून ऑर्डर मागू नका. मालाला उशीर होणार असेल तर किती, आणि पैसे परत हवे असतील तर कसे, हे त्याच पोस्टमध्ये लिहा.

पायरी ९: पैसे देऊन जाहिरात, आणि मोजदाद

पहिला हंगाम संपेपर्यंत पैसे देऊन जाहिरात करू नका. त्यानंतर ज्या पोस्टखाली लोकांनी आपणहून सर्वांत जास्त प्रश्न विचारले, तीच थोड्या पैशांत पुढे ढकला, आणि फक्त तुम्ही माल पोचवू शकता त्या शहरांपुरती. मागणी वाढून पेट्या उशिरा गेल्या तर जाहिरातीचे पैसेही गेले आणि पतही.

मोजायला एक वही पुरेल. चार रकाने: नाव, पहिल्यांदा कधी घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं का, कुणाच्या सांगण्यावरून आला. लाइकचा रकाना नको. हंगाम संपला की दुसऱ्यांदा न आलेल्यांची नावं काढा आणि रोज दोघा-तिघांना फोन करा. ‘ताई, मागच्या वर्षी हळद घेतली होती, कशी निघाली? काही कमी वाटलं का?’ एवढंच विचारा, विकायचा प्रयत्न करू नका. कुणी म्हणेल घरात अजून आहे, कुणी म्हणेल पाकीट फाटलं होतं, कुणी म्हणेल दळण जाड होतं. प्रत्येक उत्तर त्या नावापुढे लिहा. एकच तक्रार तिघांकडून आली की पुढच्या लॉटमध्ये ती दुरुस्त करा, आणि त्या तिघांना अर्धा-अर्धा किलो नवीन दळणाचं पाकीट आधी पाठवा.